झाडाचा जंतू, माणसाच्या रक्तात

आज लॅबमध्ये सकाळीच ब्लड कल्चरचं मशीन (बाटलीतल्या रक्तात जंतू वाढले की ओरडणारं) बोंबलायला लागलं. केमो चालू असलेला पेशंट, छातीत सेंट्रल लाईन (औषधं द्यायला मोठ्या शिरेत बसवलेली नळी), आणि वॉर्डातून निरोप असा की एरवी बरा असतो पण लाईन फ्लश केली, म्हणजे सलाईन सोडून धुतली, की अर्ध्या तासात हुडहुडी भरून ताप. हे ऐकूनच पाल चुकचुकली होती. लाईनमधून घेतलेली बाटली हाताच्या शिरेतल्या बाटलीपेक्षा तीन तास आधी पॉझिटिव्ह आली, दोन तासांच्या वर फरक गेला की संशयाची सुई सरळ लाईनकडेच जाते.

स्लाईडवर गुलाबी बारीक काड्या, म्हणजे ग्रॅम निगेटिव्ह (ग्रॅमच्या रंगात गुलाबी दिसणारे जंतू). दिवसभर मनात क्लेबसिएला नाहीतर स्यूडोमोनास, हे हॉस्पिटलातले नेहमीचे जंतू, घेऊन बसले होते आणि संध्याकाळी नाव आलं ऱ्हायझोबियम रेडिओबॅक्टर!! म्हणजे जुना अ‍ॅग्रोबॅक्टेरियम, मातीत राहणारा, झाडांच्या खोडाला गाठी आणणारा, बारावीच्या बायोटेकमध्ये झाडात जीन घालायला वापरतात म्हणून घोकलेला, तो. धडधाकट माणसाच्या वाटेला हा सहसा जात नाही, पण प्रतिकारशक्ती खाली आणि आत प्लास्टिकची नळी असली की तिच्यावर बायोफिल्मचा चिकट थर करून ठाण मांडतो, मग अँटिबायोटिक आतपर्यंत नीट पोचतच नाही.

आधी वाटलं कंटॅमिनेशन असेल, म्हणजे रक्त घेताना बाहेरून चुकून शिरलेला जंतू, पण दोन्ही बाटल्यांत तोच. वॉर्डात फोन केला तर डॉक्टर म्हणाले, "कोण? परत सांगा." स्पेलिंग सांगितलं. उद्या लाईन काढतायत, टोक कल्चरला पाठवा म्हटलंय.