सोमल नव्हे, तरी सोमलच

‘काय बे, सोमलात हात घालालास म्हणे? भ्या वाटत नाही?’

सात रस्ता चौकात चहा पिताना मित्र हे विचारतात. लग्नकार्यात आत्या तेच हळू आवाजात विचारते आणि मी आधी हात धुतले का ते बघते. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो. भीती वाटते, पण ती वेगळ्याच गोष्टीची.

सोमल म्हणजे आर्सेनिकचा ऑक्साइड. रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगावर तो आज औषध म्हणून शिरेतून देतात, हे ऐकून आत्याचा घास थांबला होता. मी मात्र सोमल वापरत नाही. आपल्या पेशींच्या आवरणात फॉस्फरस असलेले स्निग्ध रेणू, म्हणजे फॉस्फोलिपिड, असतात. आवर्तसारणीत फॉस्फरसच्या बरोबर खाली आर्सेनिक. फॉस्फरसच्या जागी ते आलं की झालं आर्सोनोलिपिड. ग्रीसमधल्या पात्रा विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याचे लायपोसोम, म्हणजे आत औषध कोंडता येईल असे पाण्यातले सूक्ष्म फुगे केले. त्या फुग्यांनी कर्करोगाच्या काही पेशी मेल्या, निरोगी पेशींना त्यामानाने कमी इजा झाली. हे सगळं काचेच्या बशीतलं, हे मी दर वेळी बजावतो.

मी प्रयोगशाळेत असेच फुगे करतो. करायची रीत अशी. आर्सोनोलिपिड, साधं फॉस्फोलिपिड आणि कोलेस्टेरॉल क्लोरोफॉर्म-मिथेनॉलमध्ये विरघळवायचं. गोल चंबू निर्वातात फिरवत द्रावक उडवला की काचेला पातळ थर धरतो, दुधाच्या पातेल्याला साय धरते तसा. मग कोमट बफर, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारं पाणी, घालून हलवायचं. थर पापुद्र्यांनी सुटतो आणि आपोआप मिटून फुगे होतात, लहानमोठे. सोनिकेटर या ध्वनिलहरींच्या यंत्राच्या कर्कश आवाजात ते बारीक होतात. शंभर नॅनोमीटरच्या आसपास आले की मी खूश.

आकार मोजणं सोपं, यंत्र आकडा देतं. या फुग्यांवर ऋण विद्युतभार असतो आणि त्यामुळे ते एकमेकांपासून लांब राहतात. एकदा मोजणीआधी पातळ करायला कुणीतरी बोअरचं पाणी घेतलं. त्यातल्या कॅल्शियमनं नमुना नासलेल्या दुधासारखा झाला.

खरी भीती गळतीची. फुगा फुटला तर आतलं औषध नको तिथं जाणार. ते तपासायला आत कॅल्सिन नावाचा रंग कोंडतो. दाटीत तो मंद असतो, बाहेर सांडला की चमकतो. मागच्या मे महिन्यात एक नमुना दुपारभर खिडकीपाशी राहिला. त्यात डीपीपीसी हे लिपिड होतं आणि कोलेस्टेरॉल कमी. डीपीपीसी ४१ अंशांना मऊ पडतं आणि आपल्याकडचा मे कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. संध्याकाळी नळी नुसती लखलखत होती. आठवड्याचं काम गेलं.

शेवटी आर्सेनिकचा हिशोब. घातलं किती, फुग्यांत उरलं किती, धुवणात गेलं किती, हे अणुशोषण यंत्रावर, म्हणजे मूलद्रव्याचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर, जुळवायचं. जुळलं नाही तर त्या रात्री झोप नाही. धुवणाचा थेंबही बेसिनमध्ये जात नाही, त्याला वेगळा कॅन. त्यावर आधी इंग्रजी चिठ्ठी होती. झाडायला येणाऱ्या मावशींनी तो एकदा रिकामा करायला उचलला, तेव्हापासून मोठ्या अक्षरात ‘सोमल’ लिहिलंय. रसायनशास्त्रात ते चूक आहे. पण मावशी आता त्या कोपऱ्यात झाडूसुद्धा फिरवत नाहीत, तो कोपरा मीच झाडतो.