वजनकाट्यावरच्या केबलला आलेला करंट

गेल्या गळीत हंगामात कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचे नेटवर्क मी दुरुस्त करून दिले. बिल वेळेत मिळाले आणि तेव्हापासून काटा आणि ऑफिस यांच्यातला संपर्क तुटल्याची एकही तक्रार आलेली नाही. आमच्या धंद्यात याला काम संपणे म्हणतात. हे काम मात्र माझ्या डोक्यातून अजून गेलेले नाही.

काट्यावर काय चालते ते थोडक्यात सांगतो. भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली किंवा बैलगाडी काट्यावर चढली की लोडसेलवरचे (काट्याखालच्या वजनमापकांवरचे) वजन इंडिकेटरवर दिसते, तिथून सिरियल केबलने संगणकात येते आणि संगणक ते शेती विभागाच्या सर्व्हरकडे पाठवून स्लिप छापतो. ऊस खाली करून रिकामी गाडी परतली की पुन्हा तेच, आणि दोन वजनांतला फरक शेतकऱ्याच्या नावावर पडतो. सर्व्हरशी संपर्क तुटला की स्लिप निघत नाही, काटा क्लार्क वहीत हाताने वजन लिहितो, आणि खरी अडचण तिथे सुरू होते. काटामारीच्या संशयावर ज्या भागात आंदोलने होतात, तिथे हाताने लिहिलेल्या आकड्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. वैधमापन खात्याने काटा तपासून मुद्रा मारलेली असली तरी नाही. त्यात हा संपर्क तुटायचा तो नेमका दिवेलागणीनंतर. ‘रात्रीच कसा बंद पडतो?’ हा शेतकऱ्यांचा प्रश्न रास्त होता, आणि पुढे ध्यानात आले की या बिघाडाबद्दल विचारला गेलेला सर्वांत शहाणा प्रश्नही तोच होता.

माझ्याआधी येऊन गेलेल्यांनी दर वेळी स्विच, म्हणजे नेटवर्कच्या केबली जोडायची पेटी, बदलला होता. पोर्ट (केबल खोचायची जागा) जळाला, स्विच बदला, बिल लावा. पोर्ट का जळतो हे विचारण्याची पद्धत नाही. शेवटच्या ठेकेदाराने ‘मोटारींच्या नॉइजमुळे होते’ असे निदान करून ऑफिसपासून काट्याच्या केबिनपर्यंत ८५ मीटर शिल्डेड, म्हणजे आतून धातूचे वेष्टण असलेली, केबल ओढली आणि दोन्ही टोकांना धातूचे कवच असलेले प्लग लावून दिले. अंतर अशा केबलच्या १०० मीटरच्या मर्यादेत, त्यामुळे हरकत घ्यायला कोणाला जागाच नव्हती. शिल्डेड म्हणजे भारी, ही समजूत नेटवर्कच्या हौशी मंडळींतही खोल रुजलेली आहे. राउटरपासून दोन मीटरवरच्या संगणकासाठी कॅट-८ची (सर्वांत वरच्या दर्जाची, शिल्डेड) कॉर्ड मागवून ती अभिमानाने दाखवणारे मी पाहिले आहेत. शिल्ड हा धातूचा अखंड मार्ग आहे. तो प्लगच्या कवचातून स्विचच्या बॉडीला, तिथून रॅकला (स्विचच्या लोखंडी कपाटाला) आणि रॅकमधून इमारतीच्या अर्थिंगला जोडला जातो. साध्या केबलमध्ये पोर्टमधला ट्रान्सफॉर्मर दोन्ही टोके विजेच्या दृष्टीने वेगळी ठेवतो आणि मानकाप्रमाणे त्याने १५०० व्होल्ट सोसायचे असतात. शिल्ड त्या ट्रान्सफॉर्मरला वळसा घालून जाते. दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये एका व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर त्यांच्यामध्ये शिल्डेड केबल ओढायची नसते, फायबर, म्हणजे प्रकाशावर चालणारी काचेची केबल, टाकायची असते.

मी मुद्दाम संध्याकाळी गेलो. यार्डातले दिवे लागले, थोड्या वेळात स्विचवर चुकलेल्या पॅकेटांचा (माहितीच्या तुकड्यांचा) आकडा चढू लागला आणि संपर्क ये-जा करू लागला. प्लग तपासण्यासाठी मी तो केबिनच्या बाजूने काढला. एक हात रॅकच्या कडेवर, दुसऱ्या हातात प्लगचे कवच आणि दोन्ही हात दवाने ओलसर; कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. काटा क्लार्क म्हणाला, “करंट आहे होय? आम्ही ती केबल लाकडानंच हलवतो.” म्हणजे ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती आणि कोणालाही ती सांगण्याजोगी वाटली नव्हती.

प्लगचे कवच आणि रॅक यांच्यामध्ये मल्टीमीटर लावला तर ३८ व्होल्ट एसी. पण डिजिटल मीटरच्या अशा आकड्यावर लगेच विश्वास ठेवायचा नसतो, कारण शेजारून गेलेल्या वायरीमुळेही तो नसलेले व्होल्टेज दाखवतो. त्याच्यावर भार टाकून पाहावे लागते. रांगेतल्या एका ट्रकचालकाकडून टेललॅम्पचा २४ व्होल्टचा, ५ वॉटचा बल्ब मागून घेतला आणि दोन वायरींनी कवच व रॅक यांच्यामध्ये जोडला. तो लागला. चांगला पिवळाधमक लागला, आणि मीटरवरचा आकडा ३८ वरून २१ वर आला. एवढ्यावरून हिशेब होतो: बल्बातून साधारण ०.१९ अँपिअर वाहतात, तेवढ्याने १७ व्होल्ट पडतात, म्हणजे वाटेत नव्वद ओहमच्या आसपास अडथळा आहे. त्यातले दहा-बारा ओहम शिल्डचे धरले तरी उरलेला अडथळा केबिनच्या अर्थिंगचाच होता. तो चार-पाच ओहमच्या आत असावा अशी अपेक्षा असते. प्लग परत लावून केबलभोवती क्लॅम्प मीटर (तार न कापता करंट मोजणारा) धरला, तर त्याने ०.३६ अँपिअर दाखवले. लॅनच्या, म्हणजे नेटवर्कच्या, केबलभोवती क्लॅम्प मीटर धरण्याची वेळच सहसा येत नाही.

तेव्हा चित्र पालटले. करंट केबलला नव्हता, केबिनला होता. ऑफिसचे अर्थिंग उत्तम होते; त्या उत्तम अर्थिंगचे टोक शिल्डमधून केबिनपर्यंत आले होते आणि केबिनमधली बहुतेक सारी गळती त्या केसासारख्या तारेवरून ऑफिसकडे निघून जात होती. ठेकेदाराने नकळत काट्याच्या केबिनला अर्थिंग करून दिले होते, तेही लॅनच्या केबलने. दिवे लागताना बसणारे धक्के त्याच वाटेने जात आणि पोर्ट जळत.

गळती कुठून येते हे शोधायला मीटर लागलाच नाही. बीडकडून ऊसतोडीला आलेले एक वयस्कर गाडीवान माझी खटपट पाहत उभे होते. ते म्हणाले, “साहेब, त्या दिव्याच्या खांबापशी बैल थांबतच न्हाईत. पहिल्या दिसापासून बुजतेत.” जनावराचे पाय लांब लांब पडतात आणि त्याच्या खुरांखाली चपलेचे रबर नसते, त्यामुळे जमिनीतला जो फरक चप्पल घातलेल्या माणसाला कळत नाही तो बैलाला कळतो. तो खांब केबिनच्याच अर्थिंगवर होता. त्याच्या दिव्याच्या चोकमध्ये ओल शिरून वीज खांबात उतरत होती. जादा करंट झाला की सुटणाऱ्या एमसीबीला अर्धा अँपिअरही नसलेली गळती दिसत नाही. ३० मिलिअँपिअर गळतीलाच सुटणाऱ्या ईएलसीबीला ती ताबडतोब दिसली असती. पेटीत ईएलसीबी होताही. तो सारखा ट्रिप होतो म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंच्या वायरी एकत्र करून वर टेप गुंडाळली होती.

फायबरच्या कामाबद्दल फार लिहीत नाही, पण ते सुरेख झाले. स्टोअरकीपरला उंदरांच्या भीतीने पोलादी कवचाची आर्मर्ड केबल हवी होती. पुन्हा दोन इमारतींमध्ये धातू जोडायचा नाही म्हणून मी अडून बसलो आणि बिनधातूची केबल पाइपातून नेली. स्प्लायसिंगला (काचेच्या तारा सांधायला) गावातल्या केबलवाल्याचा मुलगा आला. १२५ मायक्रॉनची काच सोलून, पुसून, कापून त्याने मशीनमध्ये ठेवली आणि मशीनने ०.०१ डेसिबल, म्हणजे जवळजवळ शून्य, लॉस दाखवला. त्या पोराइतका स्वच्छ हात शहरातल्या अनेक कंपन्यांच्या माणसांत मला दिसलेला नाही.

अडचण त्यानंतरची. फायबर चालू करून जुनी केबल काढली की नेटवर्क बरे होणार होते, पण केबिनचे एकमेव चालते अर्थिंगही जाणार होते. शिल्ड जोडलेली असताना रॅकवर जेमतेम पाच व्होल्ट असत, ती सुटली की ३८; आणि अर्थिंगच्या खड्ड्याकडे जाणारी तार गंजून पुरती तुटली तर किती, याचा विचार करायलाही नको. मी इलेक्ट्रिकल सुपरवायझरना हे सांगितले. “साहेब, तुम्ही नेटवर्कचं बघा, अर्थिंग ओके आहे,” हे उत्तर मिळाले. मी जुना प्लग काढायला नकार दिला. मागे ट्रॅक्टरची रांग रस्त्यापर्यंत गेलेली, मॅनेजर चिडलेले, आणि एका नेटवर्कवाल्याने यार्डातले दिवे बंद करायला सांगावे हे कोणालाच रुचत नव्हते. अखेर त्या खांबाची लाइन बंद झाली, चालकांनी हेडलाइट लावले आणि रॅकवरचे व्होल्टेज एका झटक्यात उतरले. सुपरवायझर माझ्या मीटरकडे बराच वेळ पाहत राहिले. नंतर त्यांनी माणसे लावून अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बॅरल पाणी ओतवले, दिवा पुन्हा लावला, आणि जुना प्लग काढूनही आकडा ६ वर थांबला. सगळ्यांना हायसे वाटले. मीठ-कोळशाचा तो खड्डा मार्चच्या उन्हात पुन्हा कोरडा पडणार, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होते.

अहवालात मी तीन गोष्टी लिहून दिल्या: नवा अर्थिंग पिट, चोक बदलणे, ईएलसीबी पूर्ववत करणे. त्यातला चोक बदलला गेला. बाकीचे ऑफ सीझनला बघू, असे ठरले. पूर्वी केबिनचे अर्थिंग ढासळले की निदान स्विच तरी बंद पडायचा, स्लिपा थांबायच्या आणि कारखाना जागा व्हायचा. आता काचेच्या तारेला त्याची खबरही लागणार नाही, आणि ही व्यवस्था मी केलेली आहे.

यंदा त्याच यार्डात, त्याच खांबांवर कॅमेरे लावायचे म्हणून कारखान्याने कोटेशन मागितले. मी दिले, पण प्रत्येक खांबाच्या अर्थिंगचे रीडिंग सोबत जोडल्याशिवाय काम सुरू करणार नाही, अशी अट घातली. खरेदी विभागातून फोन आला. दुसरी पार्टी असले कागद मागत नाही, असे त्यांनी सांगितले; तिचा दरही कमी आहे आणि केबलही तिने शिल्डेड धरली आहे.