पाण्याच्या प्रश्नावर वस्तीत फोरम नाटक : माझा अनुभव

वस्तीत पाण्यावर नाटक करायला पैसे देणाऱ्यांना बहुतेक वेळा ‘पाणी जपून वापरा’ हवं असतं. नळाला जेमतेम तासभर पाणी येतं त्यांनाच काटकसर शिकवायची! म्हणून मी आधी विषयाचं बोलते, पैशांचं नंतर. विषय वस्ती ठरवेल, संहिता मंजुरीला येणार नाही, प्रयोगात बॅनर लागणार नाही, हे लेखी घेते. तोंडी ठरलेलं आदल्या रात्री फिरतं.

फोरम नाटक ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांनी १९७०च्या दशकात पेरूमध्ये काम करताना घडवलं. बंगालमध्ये ‘जन संस्कृती’ ही नाट्यसंस्था ते गावोगाव करते. आपल्याकडे सत्यशोधकी आणि आंबेडकरी जलशांची, लाल बावटा कलापथकाची भक्कम परंपरा आहेच. पण तिथे उत्तर मंचावरून यायचं. इथे नाटक मुद्दाम हरण्यावर संपवायचं, मग तेच पुन्हा सुरू करायचं. प्रेक्षकाने ‘थांबा’ म्हणायचं आणि हरणाऱ्याच्या जागी येऊन वेगळं काही करून बघायचं. नट आणि प्रेक्षक यांच्यातला दुवा म्हणजे जोकर, हा खेळ चालवणारा सूत्रधार.

खरी मेख खलनायक निवडण्यात आहे. मुंबईतल्या वस्तीत पहिलं बोट चावीवाल्याकडे, म्हणजे चावी फिरवून पाणी सोडणाऱ्या माणसाकडे जातं, कारण रोज दिसतो तोच. त्याला खलनायक केलं की नाटक टाळ्या घेतं आणि वरचे सगळे सुटतात. त्यामुळे आम्ही त्याला ठेवतो, पण त्याच्या मागे दोन पात्रं उभी करतो : जोडणीच्या अर्जावर बसलेला इंजिनीअर आणि ‘साहेबांशी बोलतो’ म्हणत दरमहा पैसे गोळा करणारा कार्यकर्ता. पाच-सहा नट, पंधरा-अठरा मिनिटं, तीन प्रसंग. त्याहून लांबलं तर चर्चेला लोक उरत नाहीत.

जागा बघताना देवळासमोरची मोकळी जागा मोहात पाडते. तिथे केलं तर बुद्धविहाराकडच्या गल्लीतल्या बायका येत नाहीत. विहारापाशी केलं तर उलट. सामायिक नळ किंवा बालवाडीचं पटांगण बरं. वेळ दुपारी चारची, संध्याकाळच्या स्वयंपाकाआधी. मंडळाचा फुकटचा स्पीकर घेतला की नाटकाआधी नेत्यांचा सत्कार आलाच. वीस फुटांचं रिंगण असेल तर शे-दीडशे माणसांना माइक लागत नाही, लोक जमवायला हलगी पुरते.

पोलीस ठाण्यात अर्ज दिला की कधी कधी सेन्सॉर सर्टिफिकेट मागतात. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता द्यायची, तर इथे अर्धं नाटक प्रेक्षक तिथल्या तिथे घडवणार! आम्ही लिहिलेला पहिला भाग देतो आणि पुढे ‘प्रेक्षकांशी चर्चा’ एवढंच लिहितो. यासाठी महिनाभर हाताशी ठेवावा.

प्रयोगात पहिली उडी तरुण पोरांची असते आणि ती चावीवाल्याची कॉलर धरायला. जोकरने त्यांना अडवू नये. गर्दीलाच विचारावं, ‘उद्या सकाळी हे कराल? मग परवा पाणी कोण सोडेल?’ बायका उठत नाहीत तेव्हा तिघी-तिघींना दोन मिनिटं आपसात बोलू द्यावं, मग ‘जागेवरूनच सांगा, आमची नटी करेल’ म्हणावं. नटीने मुद्दाम थोडं चुकीचं करायचं. ‘अगं तसं नाही’ म्हणत एकजण उठते आणि तिच्या हातातला हंडा काढून घेते.

‘आपली वस्तीच बेकायदा, मागणार काय?’ हे वाक्य येतंच. त्या वेळी जोकरला माहिती पाठ हवी : डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पाण्याचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला आणि २००० नंतरच्या वस्त्यांनाही पाणी देण्याचं धोरण करायला महापालिकेला सांगितलं. मात्र हे भाषण करून सांगितलं की फोरम तिथेच मेला. इंजिनीअरच्या पात्राला ‘तुमची वस्तीच बेकायदा’ हे वाक्य बोलू द्यावं आणि त्याला उत्तर कोण देतं ते बघावं.

आपण टेम्पो भरून निघून जातो. बोललेली बाई मात्र त्या कार्यकर्त्याच्याच गल्लीत राहते. म्हणून व्हिडिओ नाही, नावांची नोंद नाही, आणि देणगीदाराला फोटो फक्त नटांचे. आठवड्याच्या आत पुन्हा जाऊन रिंगणात सुचलेल्या गोष्टींपैकी एक तरी कागदावर आणायची. एकीच्या नावाने तक्रार गेली तर तिच्यावर दबाव येतो, सगळ्या घरांच्या सह्यांचा अर्ज गेला तर कमी. सोबत माहिती अधिकारात जोडणीच्या अर्जाचं काय झालं ते विचारायचं : फी दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही नाही, उत्तराला तीस दिवस.