घाण्याच्या तेलाचं लेबल आणि मार्केटिंगचे शब्द: माझा अनुभव

तेलाच्या बाटलीवर काय लिहायचं हा प्रश्न आमच्याकडे घाणा बसवण्यापेक्षा जास्त दिवस चालला. सोलापूर जिल्ह्यात आमचा लाकडी घाणा आहे, शेंगदाणा आणि करडई दोन्ही काढतो. ओळखीतले लोक डोळे झाकून नेतात, पण पुण्या-मुंबईच्या अनोळखी गिऱ्हाईकासाठी लेबल बोललं पाहिजे ना. डिझाइनवाल्याचा पहिला नमुना आला त्यात ऑरगॅनिक, केमिकल फ्री, कोलेस्टेरॉल फ्री, हार्ट फ्रेंडली, सुपरफूड, डिटॉक्स, सस्टेनेबल असं सगळं होतं, फक्त तेल कसं काढलंय ते कुठेच नव्हतं.

मग मी एकेक शब्द घेऊन बसले. गिऱ्हाईकाने "म्हणजे काय हो?" विचारलं तर माझ्याकडे दाखवायला काय आहे, एवढंच बघायचं ठरवलं.

ऑरगॅनिक लगेच काढला. आम्ही ज्यांच्याकडून शेंगा घेतो त्यातले काही जण खरंच रासायनिक खत टाकत नाहीत, मी स्वतः त्यांची रानं बघितलीत, पण एनपीओपी (सेंद्रिय मालाच्या प्रमाणपत्राची सरकारी योजना) किंवा पीजीएसचं (शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांची शेतं तपासून मिळणारं) सर्टिफिकेट कुणाकडेच नाही आणि त्याशिवाय दुकानात जाणाऱ्या बाटलीवर तो शब्द टाकता येत नाही. कोलेस्टेरॉल फ्रीचं तर काय, कुठल्याही वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतंच, मग आमच्याच तेलाचं कौतुक कशाला? हार्ट फ्रेंडलीसाठी नियम वाचायला घेतले तर खाद्यतेलावर काय लिहू नये याची लेबलिंगच्या नियमांत यादीच मिळाली, सुपर रिफाइंड, डबल रिफाइंड, अँटी कोलेस्टेरॉल, कोलेस्टेरॉल फायटर, सूदिंग टू हार्ट... धंदा करणाऱ्या प्रत्येकाने ही यादी एकदा वाचावीच. सस्टेनेबल पण गेला, कारण ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्रीनवॉशिंगवर, म्हणजे पर्यावरणाच्या नावाने केलेल्या खोट्या दाव्यांवर, मार्गदर्शक सूचना काढल्यात, पर्यावरणाचा दावा केला तर पुरावा पाहिजे आणि आमची बाटली प्लास्टिकची.

आता कोणी म्हणेल असले शब्द वापरूच नका. मला ते पटत नाही. भीमथडी जत्रेत स्टॉल लावला तेव्हा नीट ऐकत होते, वयस्कर माणसं विचारायची "घाण्याचं आहे का?", तिशीतली मुलं विचारायची "कोल्ड प्रेस्ड आहे का?", माल एकच. तरुण मुलगी मोबाईलवर शोधताना कोल्ड प्रेस्डच टाईप करणार, तिथे आपण नसलो तर ती आपल्यापर्यंत येणार कशी? म्हणून दोन्ही ठेवले, लाकडी घाणा मोठ्या अक्षरात आणि खाली कोल्ड प्रेस्ड, आणि त्याच्या शेजारीच त्याचा अर्थ लिहिला की घाणा हळू फिरतो, तेल फार तापत नाही, रिफाइंड करत नाही, गाळ आपोआप खाली बसू देतो. बाटलीच्या तळाशी थोडा गाळ दिसला तर घाबरू नका हेही लिहिलं, त्यावरून आधी खूप फोन यायचे.

शुद्ध हा शब्द ठेवला. २०१८ च्या जाहिरात आणि दाव्यांच्या नियमांप्रमाणे एकाच घटकाचा पदार्थ असेल, त्यात काही मिसळलेलं नसेल, भेसळ-दूषण नसेल तर तो चालतो, आणि आमच्या शेंगदाणा तेलाच्या बाटलीत शेंगदाण्याशिवाय काही नाही. पारंपरिक पण चालला, पद्धत पिढ्यानपिढ्यांची आहेच. होममेड मात्र नाही, आमचं युनिट आहे, घरचं स्वयंपाकघर नाही.

सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला सांगू? किमतीशेजारी टाकलेल्या एका ओळीचा, की एक लिटर तेलाला साधारण अडीच किलो शेंगदाणे लागतात. "एवढं महाग का" विचारणारे लोक ती ओळ वाचून स्वतःच हिशोब करायला लागले, शेंगदाण्याचा भाव सगळ्यांना माहीत असतोच की. व्हॉट्सअ‍ॅपच्या कॅटलॉगवर, इन्स्टावर आता तीच ओळ पहिली असते, कोल्ड प्रेस्ड नंतर.

ऑरगॅनिकचा विषय मात्र मी सोडलेला नाही. पीजीएसच्या गटाला किमान पाच शेतकरी लागतात, तेवढे तयार झालेत. सर्टिफिकेट हातात आलं की त्यांच्या शेंगांची बॅच वेगळी काढायची, आणि फक्त त्याच बाटल्यांवर तो शब्द लिहायचा असं ठरलंय.