गाळ उपाशी की आजारी?

सकाळी आमच्या सांडपाणी केंद्रातल्या एरेशन टँकचा (इथे हवा सोडतात आणि गाळातले जिवाणू घाण खातात) डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, 5.4 मिलिग्रॅम प्रति लिटर. ब्लोअर रात्रीइतकेच चालू, आणि एरवी हाच आकडा 2 च्या आसपास असतो. ऑपरेटर खूश होता, एक ब्लोअर बंद करू का म्हणाला. मी थांबवलं. हवा तेवढीच असताना डीओ चढतो, म्हणजे ऑक्सिजन खाणारे खात नाहीत. एकतर ते उपाशी, नाहीतर आजारी.

येणाऱ्या पाण्याचा सीओडी (त्यातल्या घाणीचं, म्हणजे जिवाणूंच्या अन्नाचं माप) नेहमीइतकाच, पीएच 7.3. त्यामुळे उपासाची शक्यता कमीच. तरी ओयूआर लावला, म्हणजे गाळ किती वेगाने ऑक्सिजन खातो ते मोजलं. टँकचा ताजा नमुना हलवून हवा भरली, 300 मिलिची बीओडी बाटली काठोकाठ भरली, प्रोब बसवला आणि स्टरर चालू केला. बुडबुडा राहिला तर आकडे खोटे येतात, आणि नमुना अर्धा तास ठेवून दिला तरी तेच. पहिलं मिनिट सोडून पुढच्या दहा मिनिटांत डीओ 7.2 वरून 6.0 झाला. म्हणजे तासाला 7.2 मिलिग्रॅम प्रति लिटर. एमएलव्हीएसएस (गाळातला सेंद्रिय भाग) 2.4 ग्रॅम प्रति लिटर, म्हणून एसओयूआर, म्हणजे अशा दर ग्रॅम गाळामागे तासाला खाल्लेला ऑक्सिजन, 3 मिलिग्रॅम. आमच्याकडे तो 11-12 असतो.

खरी परीक्षा पुढची. दुसऱ्या बाटलीत त्याच गाळाला साधारण 40 मिलिग्रॅम निर्जल सोडियम अॅसिटेट दिलं. उपाशी गाळ असता तर वेग लगेच उसळला असता. इथे एसओयूआर जेमतेम 3.4! समोर ताट वाढलेलं, पण तोंड उघडायला कुणी तयार नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली व्होर्टिसेला या घंटेसारख्या एकपेशीय जीवाच्या घंटा मिटलेल्या, केसांची हालचाल बंद, पोहणारे सिलिएट्स (केसाळ सूक्ष्मजीव) दिसेनात. फ्लॉकच्या (गाळाच्या गुठळ्यांच्या) कडा विरलेल्या, मधलं पाणी गढूळ. एसव्हीआय (गाळ किती नीट खाली बसतो त्याचं माप) मात्र चांगला होता. फक्त तेवढाच पाहिला असता तर फसलो असतो.

चौकशीत कळलं, रात्री कुठेतरी टाक्या धुऊन क्वाटर्नरी अमोनियम जंतुनाशकाचं पाणी गटारात सोडलं होतं. नेहमीच्या तपासणीत ते दिसत नाही.

आवक समतोल टाकीकडे (येणारं पाणी साठवायच्या टाकीकडे) वळवली, गाळ काढणं बंद केलं, हवा चालूच ठेवली आणि दुसऱ्या निरोगी टँकचा गाळ आणून टाकला. वळवलेलं पाणी थोडं थोडं सोडताना दर वेळी आधी बाटलीत निरोगी गाळावर चाचणी घेतली. चौथ्या दिवशी एसओयूआर 8 वर आला. अमोनिया मात्र चढलेलाच राहिला. अमोनिया खाणारे जिवाणू, म्हणजे नायट्रिफायर, सावकाश वाढतात. तो उतरायला तीन आठवडे लागले.