तुम्ही विचारलंत म्हणून: सीडी प्लेअरला केबल कुठली घ्यावी?

"प्लेअर चांगला आहे, अँप्लिफायर चांगला आहे. आता केबल कुठली घेऊ तेवढं सांगा." घरी सीडी जपून ठेवलेला माणूस भेटला की हा प्रश्न हमखास येतो. अशी मंडळी बेळगावात अजून बरीच आहेत. पलीकडे धारवाडला मल्लिकार्जुन मन्सूर, हुबळीला गंगूबाई हनगल ही गाणारी मंडळी होऊन गेली, कुमार गंधर्वांचा तर जन्मच इथल्या सुळेभावीचा. त्यामुळे घरात दोन-चार डबे तरी सीडी निघतातच, आणि त्या फेकवत नाहीत.

उत्तर सोपं आहे: केबल घेऊ नका. प्लेअरच्या मागून निघणारा सिग्नल साधारण दोन व्होल्टचा असतो. मीटरभर वायरीत त्याला काही होत नाही. नीट सोल्डर केलेली साधी तांबडी-पांढरी वायर पुरे. जुनी असेल तर टोकं काढा, पुसा, जागेवर दोनदा फिरवून घट्ट बसवा. आमच्या पावसात धातूवर पुटं चढतात आणि खरखर येते ती तिथून. दुसरं टोक अँप्लिफायरच्या 'ऑक्स' किंवा 'सीडी'मध्येच घाला. 'फोनो' लिहिलेलं भोक रेकॉर्ड प्लेअरचं. तिथं घातलं तर आवाज फाटणार आणि बोजड होणार. स्पीकरला इलेक्ट्रिकच्या दुकानातली दीड एमएमची तांब्याची वायर चालते. केबलचा विषय संपला.

आवाज बिघडतो तो खोलीत. शहापूर-वडगावकडची जुनी घरं आठवा. मंगळुरी कौलं, जाड मातीच्या भिंती, वर लाकडी माळा. तिथं साधा रेडिओसुद्धा गोड लागायचा. आता वर स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी, भिंतीला ऑइलपेंट. खोलीत मधे उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीच्या मागून बारीक झणझण उठली, तर तीच झणझण गाण्यातल्या प्रत्येक 'स'ला आणि झांजेला चिकटणार. त्यावर इलाज म्हणजे जाड सतरंजी, पडदे, पुस्तकांचं उघडं कपाट. पैसे खर्च करायचेच असतील तर इथं करा.

टिळकवाडीत आमच्या ओळखीच्या एका घरातला मुलगा म्हणाला, "काका, डग्गा नुसता घुमालाय, बोलच कळंनात." जाऊन बघतो तर दोन्ही स्पीकर शोकेसच्या वर, अगदी कोपऱ्यांत. एकाच्या पुढ्यात गणपती, दुसऱ्याच्या पुढ्यात फुलदाणी. ऐकायचा दिवाण समोरच्या भिंतीला टेकवलेला. खोली लांबीला बारा फूट. एवढ्या लांबीत भिंती-भिंतींमध्ये अडकणारी लाट साधारण 47 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 47 कंपनांची, आणि तिच्या दुप्पट 94 च्या आसपास दुसरी. डग्ग्याचा घुमारा याच टापूत येतो. स्पीकर कोपऱ्यात ठेवले की या लाटा फुगतात आणि भिंतीला पाठ लावून बसलं की कानाला त्या तिथंच सगळ्यात जास्त मिळतात. लांबी-रुंदी सारखी असलेली खोली आणखी वाईट, कारण दोन्हीकडच्या लाटा एकाच हर्ट्झवर येऊन फुगतात.

स्पीकर खाली उतरवले, लाकडी स्टुलांवर ठेवले. भिंतीपासून दीड हात पुढे, आणि कोपऱ्यांपासून जमेल तेवढे आत. बारीक आवाजाचा छोटा स्पीकर बसल्यावर कानाच्या उंचीला येईल असं बघितलं. दोन स्पीकरांमधलं अंतर आणि बसणाऱ्याचं अंतर सारखं केलं, तोंडं थोडी आत वळवली. दिवाण पुढे ओढला. बासचं बटण पूर्ण पिळलेलं होतं ते मधे आणलं, बास फुगवणारं 'लाउडनेस' बंद. परत तीच तबल्याची सीडी लावल्यावर 'तिरकिट' सुटं सुटं आलं, आणि मनगट डग्ग्यावर घासून काढलेला घिस्सा वर चढताना ऐकू आला. त्याच्या आईनं विचारलं, "ही स्टुलं आता मधीच राहणार काय?" मग फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या. पाहुणे आले की मागे सरकवायची, गेले की खुणेवर.

जागा जमली की नाही ते तपासायला मी 78 आरपीएमच्या तबकडीवरून सीडीवर घेतलेलं एखादं जुनं गाणं लावतो. ते मोनो असतं, म्हणजे दोन्हीकडून तंतोतंत एकच आवाज. गळा दोन स्पीकरांच्या बरोबर मधोमध, हवेत उभा राहिला पाहिजे. तो पसरट झाला, कुठून येतोय ते कळेना, आणि खर्ज गायब असेल, तर एका स्पीकरची तांबडी-काळी वायर उलटी जोडलीय. हा दोष अनेक घरांत वर्षानुवर्षं तसाच असतो आणि लोक प्लेअर बदलत बसतात! मग तंबोऱ्याची सीडी. षड्जाच्या तारेतून वर गंधार झिरपताना ऐकू यायला हवा. तो आला तर तुमची यंत्रणा चांगली आहे, कंपनी कुठलीही असो.

सीडी कसली आहे तेही बघा. 'दीडशे गाणी एका डिस्कवर' म्हणून मिळायची ती एमपीथ्री, म्हणजे जागा वाचवायला आवाजातला बराच भाग गाळलेली. मूळ सीडीत सेकंदाला 1,411 किलोबिट माहिती असते, त्या डिस्क बहुधा 128 च्या. निवडून निवडून फेकलेला आवाज कुठला प्लेअर परत आणणार? मूळ सीडी पुसताना मऊ जुनं धोतराचं कापड घ्या आणि मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसा. गोल गोल नको. आडवा ओरखडा प्लेअर आपल्या हिशेबानं भरून काढतो, अडीचेक मिलिमीटरपर्यंतची तूट त्याला झेपते. पण ओरखडा ट्रॅकच्या दिशेनं लांबत गेला की तो हात टेकतो. आणि लेबलची बाजू जास्त जपा. अ‍ॅल्युमिनियमचा थर तिथंच, लेबलच्या लगेच खाली असतो. त्यावर बॉलपेननं नाव लिहिणाऱ्यांपुढे हात जोडावेत.

सतत 'हम्म' येत असेल तर आधी टीव्हीच्या केबलची वायर अँप्लिफायरच्या गोतावळ्यातून सोडवून बघा. थांबला तर अर्थिंगचा घोळ. प्लगची अर्थची पिन मात्र कापू नका, जिवाशी खेळ आहे. आमच्याकडे जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, बादलीभर पाणी घालावं. लाईट गेल्यावर स्वस्तातल्या इन्व्हर्टरवर ऐकलं तर भुणभुण येणारच.

शेवटचं पावसाळ्याचं. खानापूरकडे तर चार महिने भिंतीसुद्धा ओल्या. प्लेअर बंद कपाटात कोंडू नका. सकाळी सीडी ओळखत नसेल तर लेन्सवर दव धरलेलं असतं. प्लेअर तासभर नुसता चालू ठेवा, मग लावा. तरीही अडखळला तर वरचं झाकण उघडणाऱ्याकडून आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं लेन्स अलगद पुसून घ्या, अत्तर किंवा स्पिरिटनं नाही. ट्रे बाहेर येत नसेल तर बहुतेक वेळा आतला रबरी पट्टा कडक झालेला असतो, तो किरकोळ पैशांत मिळतो. सीडी वाचणारा लेसरच थकला असेल तर त्याच्या अंगावरचा नंबर लिहून आणा. दुकानात प्लेअरचं नाव सांगून उपयोग नाही, त्या नंबरानंच लेसर मिळतो.