कॉपर वाढवायच्या आधी पाणी तपासा

फीडलॉटमधल्या, म्हणजे मांसासाठी एका जागी बांधून खाऊ घालून वाढवलेल्या, जनावरांचे केस फिकट दिसायला लागले, काळ्या अंगावर तांबूस झाक आली, डोळ्याभोवतीचा रंग उडाला की पहिला सल्ला ठरलेला असतो, मिनरल वाढवा, कॉपर कमी पडतंय. कमी पडतंय हे बऱ्याचदा खरं असतं पण खाद्यात कमी आहे असं नसतं, आणि इथेच मला थांबून बोलायचंय.

मांसासाठी वाढवायच्या गुरांना कॉपरची गरज धरतात साधारण १० पीपीएम, म्हणजे किलोभर ड्राय मॅटरमागे (पाण्याचा अंश वगळून उरलेलं खाद्य) १० मिलिग्रॅम. जनावर दिवसाला १० किलो ड्राय मॅटर खात असेल तर झाले १०० मिलिग्रॅम, कॉपर सल्फेटमध्ये मोजलं तर ४०० मिलिग्रॅम, अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. एवढंसं काही थेट गव्हाणीत सगळीकडे सारखं पडत नाही म्हणून तर आधी थोड्या खाद्यात मिसळून प्रीमिक्स करावं लागतं.

आता ते पोटात गेलं तरी अंगी लागेलच असं नाही. रुमेनमध्ये, म्हणजे जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटात, सल्फर आणि मॉलिब्डेनम एकत्र आले की थायोमॉलिब्डेट तयार होतं, ते कॉपरला घट्ट धरून ठेवतं आणि ते कॉपर शोषलं न जाता शेणातून बाहेर. लोह जास्त असेल तर तेही कॉपरच्या आड येतं.

सल्फर येतो कुठून हे मात्र फार कमी जण शोधतात. धान्यापासून इथेनॉल काढून उरलेलं डीडीजीएस हा एक मोठा सोर्स, कारण त्या प्रोसेसमध्ये सल्फ्युरिक अ‍ॅसिड वापरतात. दुसरा सोर्स पाणी, आणि ते रेशनच्या, म्हणजे जनावराच्या रोजच्या खुराकाच्या, कागदावर कुठेच नसतं! समजा पाण्यात लिटरला १००० मिलिग्रॅम सल्फेट आहे आणि गरमीत जनावर ४० लिटर प्यायलं, तर ४० ग्रॅम सल्फेट पोटात गेलं, त्यातला एक तृतीयांश सल्फर म्हणजे १३ ग्रॅम, १० किलो खाद्याच्या हिशोबात ०.१३ टक्के नुसत्या पाण्यातून. धान्य जास्त असलेल्या रेशनमध्ये एकूण सल्फरची मर्यादाच ०.३ टक्के धरतात, मग खाद्यासाठी उरलं किती ते बघा. आणि मर्यादा ओलांडली तर प्रश्न कॉपरपुरता राहत नाही, रुमेनमध्ये हायड्रोजन सल्फाइड वायू बनतो, ढेकरेबरोबर वर येऊन श्वासातून आत जातो आणि मेंदूला इजा होते, जनावर आंधळं झाल्यासारखं करतं, भिंतीला डोकं लावून उभं राहतं. यावर कॉपर कितीही घाला, काही उपयोग नाही.

रक्ताच्या रिपोर्टवर विसंबू नका हेही सांगतो. कॉपरचा साठा लिव्हरमध्ये असतो आणि तो बराच संपेपर्यंत रक्तातली लेव्हल ठीकठाक दिसत राहते. खरी स्थिती लिव्हरच्या सॅम्पलमधून कळते, बायोप्सी करा नाहीतर कत्तलीच्या वेळी घ्या. आणि कॉपर ऑक्साइडची पावडर स्वस्त मिळाली म्हणून घेऊ नका, ती फारच कमी शोषली जाते, सल्फेट त्यापेक्षा कितीतरी बरं.

झिंकची गरज ३० पीपीएम, खूर, कातडी, प्रतिकारशक्ती सगळ्याला लागतं आणि तिथे थोडं जास्त झालं तरी चालून जातं. सेलेनियमचं तसं अजिबात नाही. गरज ०.१ पीपीएम आणि अमेरिकेत कायद्यानेच ०.३ च्या वर घालता येत नाही, सेलेनियम मोजताना वजनकाटा चुकला तर जनावर जातं.

नवीन आलेल्या वासरांचा हिशोब मात्र वेगळा ठेवा. प्रवासाचा ताण, नवी जागा, त्यामुळे २०० किलोचं वासरू सुरुवातीला जेमतेम ३ किलो ड्राय मॅटर खातं, म्हणजे १० पीपीएमच्या रेशनमधून त्याला ३० मिलिग्रॅमच कॉपर मिळतं आणि नेमकं तेव्हाच आजाराशी लढायचं असतं. म्हणून पहिल्या काही आठवड्यांच्या रेशनमध्ये प्रमाण वाढवून द्यायचं, आणि वासरं पोटभर खायला लागली की ते प्रीमिक्स बदलून परत नेहमीचं सुरू करायचं.